नाना हयात असताना

ट्रिमर चालू करण्याआधी त्या माणसाने विचारलं, "सर, वडील आहेत ना?"

मला वाटलं, फॉर्मवर लिहायचं असेल. टक्कल कोणाकडून आलं, बापाकडून की आजोळाकडून, असलं काहीतरी. मी म्हणालो, "आहेत. अजून भांग पाडतात."

"मग मागे चार केस राहू देऊ का? आपल्याकडे बरेच जण ठेवायला सांगतात. डॉक्टरांची काही हरकत नसते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या भागात बाप हयात असताना मुलगा डोकं पूर्ण उतरवत नाही. नवस असो की दुखणं असो, मागे शेंडीएवढे केस राखतात. सगळं डोकं गुळगुळीत करायचं ते एकदाच, बाप गेल्यावर दहाव्या दिवशी, नदीवर. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मी धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, आणि त्या दिवशी जळगावच्या त्या थंडगार खोलीत माझ्यातला मास्तर नको तेवढा जागा झाला. मी त्याला केस म्हणजे काय, ते मेलेल्या पेशींचे कसे बनलेले असतात, यावर दोन वाक्यं ऐकवली. वर म्हणालो, "असलं काही नको. सगळं काढा."

त्याने काढलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

एकोणचाळीस वर्षांचा होतो मी. लग्न झालं नव्हतं. धाकट्या भावाचं होऊन सहा वर्षं झाली होती, त्याला दोन मुली होत्या. माझ्यासाठी मुली बघणं चालूच होतं, म्हणजे मी बघायला जायचो आणि त्या बघून नाही म्हणायच्या. कारण कोणी तोंडावर सांगत नसे. मध्यस्थ सांगायचा, "मुलगी म्हणते, पाहुणे वयाने जास्त दिसतात." एका ठिकाणी तर मुलीच्या आजीने मला मुलाचे काका समजून पाटावर बसायला सांगितलं आणि मुलगा कधी येणार म्हणून विचारलं. ते ऐकून परत येताना मी ठरवलं. मे महिन्याची सुट्टी धरून जळगावच्या क्लिनिकात केसरोपणाची तारीख घेतली, घरी सांगितलं की पेपर तपासायला जातोय.

मे महिन्यात जळगावात डोक्याला हजारो भोकं पाडून घेणारा माणूस हुशार नसतो, हे मला पुढच्या दोन दिवसांत समजलं. घाम येऊ द्यायचा नाही, उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही, खाजवायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. दर अर्ध्या तासाला सलाइनच्या पाण्याचा फवारा मारायचा. झोपायचं ते मानेभोवती उशी घालून, अर्धवट बसून. भाड्याच्या गाडीने मी धुळ्याला माझ्या दोन खोल्यांच्या घरी आलो आणि कूलरसमोर पुतळ्यासारखा बसलो. कपाटाच्या दाराला डोकं जरासं घासलं आणि रक्ताचा एक थेंब गालावर आला. मी रडायच्या बेतात आलो होतो. क्लिनिकला फोटो पाठवला. उत्तर आलं, एखाददुसरा ग्राफ्ट, म्हणजे लावलेला केस, गेला तरी फरक पडत नाही. मला मात्र त्या एका केसाचं सुतक लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याचा फोन आला. नानांच्या छातीत दुखायला लागलं होतं. नाना म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन भडगावला राहत होते. भावाने त्यांना गाडीत घालून धुळ्याला आणलं होतं. एक नळी बंद होती. त्याच संध्याकाळी स्टेंट बसवला.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. आधी का नाही गेलो? कारण कपाळावरची सूज उतरून डोळ्यांवर आली होती, समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला घामाची भीती वाटत होती. बाप आयसीयूत आणि मी ग्राफ्ट सांभाळत घरात बसलो होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

क्लिनिकने दिलेली सैल कापडी टोपी घालून मी जिना चढलो. माय बाकावर बसली होती. माझे सुजलेले डोळे बघून तिला वाटलं, पोरगा रडून रडून आलाय. तिने मला जवळ घेतलं. मला ते सहन झालं नाही. मी तिला कोपऱ्यात नेलं आणि खरं काय ते सांगून टाकलं.

तिने टोपी हलकेच वर उचलून बघितलं. मागे बघितलं, पुन्हा पुढे बघितलं. मग तिथल्याच पायरीवर बसली.

"मन्हं कुकू शे रे अजून," ती म्हणाली.

माझं कुंकू अजून आहे, एवढंच. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. मी तिला समजावू लागलो तर तिने हात वर केला. माझी आई चौथी शिकलेली आहे. मी तिला काहीही समजावलं असतं, पण नवरा आत नळ्यांमध्ये आणि थोरला मुलगा बाहेर बोडका, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात तिच्यासमोर आल्या होत्या. तिने त्यांची सांगड घातली, आणि ती चूक आहे हे मी तिला पुस्तक काढून दाखवू शकत नव्हतो.

शेवटी तिनेच ठरवलं. नानांना हे दिसता कामा नये. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कसलाही धक्का बसू देऊ नका. पंधरा दिवसांत डोकं काळं दिसायला लागेल, तोवर टोपी काढायची नाही. मी हो म्हणालो. एवढी एकच गोष्ट त्यांच्यासाठी करायची माझ्या हातात उरली होती.

तपासणी आठवड्याने होती, म्हणून नानांना घरी सोडलं ते माझ्याच घरी. धाकटा भडगावला परतला, त्याला दुकान होतं. मग दोन खोल्यांत दोन दुखणाईत. आतल्या खोलीत नाना, बाहेरच्या खोलीत मी. माय त्यांना गोळ्या द्यायची आणि आल्या पावली माझ्याकडे येऊन, दुसरीकडे बघत, डोक्यावर फवारा मारायची. माझ्या डोक्याकडे तिने त्या दिवसानंतर सरळ बघितलं नाही. निम्मं पाणी खांद्यावर पडायचं.

नानांना सांगितलं होतं की उष्णतेने डोक्यात फोड आलेत, डॉक्टरांनी झाकून ठेवायला सांगितलंय. खोटं बोलताना मला वाटलं होतं की ते चौकशी करून भंडावून सोडतील. त्यांनी भंडावलं, पण वेगळ्याच रीतीने. स्वतःच्या छातीचं विसरून ते माझ्या फोडांच्या मागे लागले.

"टोपी काढ ना रे भो. वारा लागू दे. झाकीसन फोड बरा होतस का?"

मायला त्यांनी कडुनिंबाचा पाला उकळायला लावला. म्हणाले, मी स्वतः लावून देतो, तू इथे माझ्यापुढे बस. बत्तीस वर्षं तिकिटं फाडलेली बोटं बुडवून त्यांनी पाणी कितपत निवलं ते बघितलं. मी म्हणालो, डॉक्टरांनी काही लावायला मनाई केलीय. ते म्हणाले, डॉक्टरला काय कळतं. मग म्हणाले, बरं, तू शिकलेला आहेस. पाल्याचं पाणी बादलीत तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मायने ते तुळशीला घातलं.

मी दिवस मोजत होतो. आठवा दिवस गेला. नववा उजाडला. डोक्यावर खपल्यांचा लालसर काळा थर झाला होता, आणि क्लिनिकच्या कागदावर लिहिलं होतं की आता बेबी शाम्पूचा फेस दहा मिनिटं ठेवून बोटांच्या टोकांनी खपल्या हळूहळू सोडवायच्या. माय खाली मेडिकलमध्ये गेली होती. नाना झोपले होते. मी मोरीत आरशासमोर उभा राहून, श्वास रोखून, एकेक खपली काढत होतो. कूलरच्या आवाजात बेल आधी ऐकूच आली नाही. मग ती सलग वाजायला लागली. नाना जागे होतील म्हणून मी तसाच धावत जाऊन दार उघडलं.

दारात फुई उभी होती. म्हणजे माझी आत्या, नानांची थोरली बहीण. ती चोपड्याला असते, सत्तरी ओलांडलेली. तिला नानांचं आजारपण कळवलंच नव्हतं, घाबरून जाईल म्हणून. कुठून तरी उडत उडत तिच्या कानावर गेलं होतं की भाऊ धुळ्याला दवाखान्यात आहे, मोठं काहीतरी झालंय. फोन न करता ती पहाटेच्या गाडीत बसून आली होती. हातात पिशवी, पिशवीत भावासाठी केळी. आणि दार उघडलं ते ओल्या, बोडक्या डोक्याच्या भाच्याने.

तिने माझ्या डोक्याकडे बघितलं. पिशवी खाली टाकली. आणि तिने जो हंबरडा फोडला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"ओ मन्हा भाऊ! मन्हा भाऊ रे! दहावंबी करी टाकं आणि माले सांगंबी नही! तोंड नही देखू दिन्हं रे माले! मन्हं माहेर सरनं!"

"फुई, अगं फुई, ऐक," मी म्हणत होतो. ती ऐकत नव्हती. उंबऱ्यावर बसून कपाळ बडवत होती. शेजारची दारं उघडली. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. त्यांनाही खरंच वाटलं असणार, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. मी हात जोडले, तिचे खांदे धरले, पण टॉवेल घेऊन डोकं झाकायचं काही मला सुचलं नाही.

मग माझ्यामागून आवाज आला.

"आक्का, मी जित्ता शे."

नाना आतल्या खोलीच्या दाराला धरून उभे होते. त्यांना एकट्याने उठायची परवानगी नव्हती. अंगात बनियन, हातावर सलाइनच्या सुईचा काळानिळा डाग. स्वतःसाठी चाललेलं रडणं त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या ऐकलं होतं, किती ऐकलं ते मला माहीत नाही. फुईचा आवाज एकदम बंद झाला. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली टाकलेली पिशवी उचलून छातीशी धरली.

नाना चालत माझ्यापर्यंत आले. माझं डोकं बघितलं. मग माझ्या मागे गेले. मला पाठीमागे त्यांचा श्वास ऐकू येत होता. ते काय शोधत होते, ते मला कळत होतं. मान हलवायची माझी हिंमत झाली नाही.

"हाई काय करं तू?" ते म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते सगळं समजूतदारपणाचं झालं, आणि तेच फार वाईट होतं. मायने येऊन फुईला पाणी दिलं. वरच्या बाई म्हणाल्या, मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, आता तुमचे भाऊ शंभर वर्षं जगणार. फुई डोळे पुसत हसली. नानाही हसले. केळी सगळ्यांनी वाटून खाल्ली. पण फुईने संध्याकाळपर्यंत मला हाक मारली नाही, आणि जाताना नानांवरून मीठ-मिरच्या उतरवून माझ्याकडे न बघता मोरीत टाकल्या.

ती गेल्यावर मी नानांच्या पलंगाशी बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. केस मागून काढून पुढे लावतात, त्यासाठी आधी डोकं साफ करावं लागतं, लग्नासाठी केलं, तुमच्या मनात थोरली सून यावी असं आहे म्हणून केलं. शेवटचं वाक्य खोटं होतं. मी ते माझ्यासाठी केलं होतं. मला आरशात माझ्या काकासारखा माणूस बघायचा कंटाळा आला होता.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी एकच विचारलं.

"भादरनारानी ईचारं नही का तुले, बाप शे का म्हनीसन?"

खोटं बोलायची ही वेळ होती. नऊ दिवस बोलतच होतो, आणखी एक खपून गेलं असतं. नाही विचारलं म्हणालो असतो तर सगळा दोष जळगावच्या त्या माणसावर गेला असता आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला शिव्या घातल्या असत्या. पण त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून मला ते जमलं नाही.

"विचारलं," मी म्हणालो.

"मंग?"

"मी म्हणालो, सगळं काढा."

नानांनी मान हलवली. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता त्यांच्या छातीत कळ येणार. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसून राहिलो. कळ आली नाही. श्वास नीट चालला होता. मी मूर्खासारखं तेवढ्यावर समाधान मानलं.

तपासणी झाल्यावर ते भडगावला गेले. फोन केला की माय घ्यायची आणि "झोपेल शेतस" म्हणायची. कोणत्याही वेळी केला तरी ते झोपलेलेच असायचे.

इकडे तिसऱ्या आठवड्यानंतर माझे लावलेले केस गळायला लागले. उशीवर, टॉवेलवर, वहीवर. क्लिनिकच्या कागदावर तेही लिहिलेलं होतं, की गळणार, घाबरू नका, मुळं आत आहेत, चार महिन्यांनी नवे येतील. मी पेशी शिकवतो, मला ते कळत होतं. तरी जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा मी आधीपेक्षाही टकला होतो, मागची बाजू विरळ, पुढे लाल ठिपके. पोरं मागच्या बाकावरून खुसखुसायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं, आणि याचीच मला भीती वाटायला लागली होती. वर्गात जावं, शिकवावं, परत येऊन कूलरच्या समोर बसावं. कशासाठी केलं हे सगळं, असं स्वतःला विचारायचो आणि उत्तर सापडत नसे. दोनदा भडगावला गेलो. नाना ओट्यावर बसलेले असायचे. "उना का?", आलास का, एवढंच म्हणायचे, आणि रस्त्याकडे बघायला लागायचे.

सप्टेंबरात केस उगवले. आधी लव, मग काळेभोर, आडवेतिडवे. पितृपक्षात आजोबांच्या तिथीला मी घरी गेलो तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "काय भाऊ, ओळखूच आला नाहीस." काकू म्हणाल्या, यंदा बार उडणार. खीर, वडे, भाजी, पान वाढून झालं. भाऊबंद जेवायला बसले. नानांची तब्येत आता चांगली होती, तेच आग्रह करत वाढत होते. बोलता बोलता कोणीतरी म्हणालं, तुम्ही वाचलात, देवाची कृपा. तेव्हा नानांनी धाकट्याकडे बोट केलं आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं इतक्या सहज आवाजात म्हणाले,

"मन्हं बठ्ठं धाकला करी. अग्नी बी तोच दी. आठे बठ्ठास्ना मोरे सांगी ठेवस."

त्यांचं सगळं धाकटा करील, अग्नीही तोच देईल, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं. थोरला असताना धाकट्याने अग्नी द्यायचा म्हणजे थोरला एकतर मेलेला असतो नाहीतर घराला मेलेला. धाकटा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याची काही चूक नव्हती. मायने भांडं उचललं आणि ती आत गेली.

दुपारी सगळे पांगल्यावर मी नानांपाशी गेलो. रागावून गेलो होतो, भांडायचंच ठरवून. म्हणालो, "नाना, मी थोरला आहे. चूक झाली माझी. पण एवढी शिक्षा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच सरळ बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, माझी कीव होती बहुतेक.

"शिक्षा नही रे भो," ते म्हणाले. "लोकेस्ना बाप मरस, मंग त्या डोकं भादरतस. बापले ते दिखत नही. माले दिखनं. मन्हा मोरेच करी टाकं तू. आते दुसरांदाव कसाले?"

त्यांच्या डोळ्यांसमोरच मी ते करून टाकलं होतं, दुसऱ्यांदा करायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, डोक्यावर ठेवतील. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, उठले आणि चपला घालून बाहेर गेले.

नाना आहेत अजून. रोज बसस्टँडपर्यंत चालून येतात, जुन्या ड्रायव्हरांशी गप्पा मारतात. माझे केस आता इतके दाट आहेत की न्हावी विरळ करू का म्हणून विचारतो. एका मुलीकडच्यांनी फोटो पसंत केलाय, मी अजून काही कळवलेलं नाही. एक दिवस धाकट्याचा फोन येईल. मी जाईन, तिरडी बांधीन, खांदा देईन, लाकडं रचीन. दहाव्या दिवशी गिरणेच्या काठावर भावाचं डोकं उतरवतील, चुलतभावांचं उतरवतील, आणि मी माझ्या केसांसकट बाजूला उभा राहीन.